रुंद हाडाची

दुष्काळात आमच्या गावाजवळचा तलाव पार आटला आणि आम्हा दोघींना पळायला मैदान मिळालं. दोघी म्हणजे मी आणि माझी चुलत बहीण. दोघींनाही पोलीस भरती द्यायची होती. घर एक, चूल एक, पण ती शेवग्याच्या शेंगेसारखी आणि मी ज्वारीच्या पोत्यासारखी. ती सुटली की मागं नुसता फुफाटा. तो मी खायचे.

मला वाटलं, आपण जाड म्हणून मागं पडतो. मी संध्याकाळची भाकरीच बंद केली. आई विचारायची, तर "भूक न्हाई" म्हणायचे. सकाळी गावातल्या सहकारी डेअरीत दुधाचे कॅन टेम्पोत चढवायचं काम मी करत होते. चाऱ्याअभावी दूध आटलं होतं, कॅन निम्मेच उरले होते, पण भरलेला कॅन तेवढाच जड. एका सकाळी कॅन उचलला, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी कॅनसकट आडवी. सगळं दूध मातीत.

बहीण पळतच आली. "उपाशी कावून ऱ्हातीस गं? मी काय उपाशी पळते व्हय? तुझ्यापेक्षा एक भाकर जास्तच खाते!"

तीच मला नेकनूरला, आमच्या शाळेतल्या खेळाच्या मॅडमकडं घेऊन गेली. मॅडमनी अंगठ्यात आणि मधल्या बोटात माझं मनगट धरलं. बोटं टेकेनात. मग बहिणीचं धरलं, तर एकावर एक चढली.

"तुझं हाडच रुंद आहे," त्या म्हणाल्या. "उपाशी राहून हाड बारीक होतं का कुठं?"

त्यांनी कपाटाखालून लोखंडी गोळा काढून माझ्या हातात दिला. "फेक."

मी दारातून फेकला, तो पार अंगणापल्याड पडला. मॅडम दोन पावलं मागं सरकल्या, मग हसल्या. "हिच्याबरोबर शर्यत लावू नकोस. वेळेत पोच, बस. भरतीत गोळ्यालाही गुण असतात. आणि जेवत जा."

भरतीला बहीण पळण्यात पहिली आली, तिचा गोळा मात्र पायाशीच पडला. मी धापा टाकत कशीबशी वेळेत पोचले आणि गोळ्यात पूर्ण गुण घेतले. यादीत ती लागली, माझं थोडक्यात हुकलं. लई रडले. पुढच्या भरतीला मात्र लागले.

गणवेश वाटणारे मामा मला वरखाली न्याहाळून म्हणाले, "बाई, या मापाचा शर्टच न्हाई."

"मग शिवून द्या," मी म्हणाले.