खिडकीपाशी उठलेली तीन माणसे

मोडी कागदाची तमिळ प्रत कशी तयार होते, हे आधी सांगितले पाहिजे; एरवी त्या साहेबांनी आमच्यात काय मोजले आणि काय मोजायचे राहिले, ते ध्यानात येणार नाही.

पन्नासचे दशक सरत आले होते. तंजावूरच्या एका कचेरीत आम्ही तिघे एका टेबलाशी बसत असू. वयाने थोरले, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, ते मोडी मोठ्याने वाचीत; दुसरा ऐकता ऐकता तमिळमध्ये उतरवी; मी प्रत मुळाशी ताडून पाही आणि खाली सही करी. कागद कसरीने खाल्लेले. भोक आले की तिघांनी उठायचे, कागद खिडकीशी उजेडावर धरायचा आणि प्रत्येकाने आपले वाचन सांगायचे. तिघांचे जुळले तर शब्द लिहायचा, नाही तर जागा कोरी सोडायची. हा नियम कुणी लेखी दिला नव्हता.

मद्रासहून साहेब आले ते कोणता विभाग किती एकजुटीने काम करतो, हे मोजायला. सर्वांत मागे पडेल तो विभाग बंद होणार आणि त्यातल्या माणसांची मद्रासला बदली होणार. त्यांच्या मापात चालणारी लेखणी म्हणजे काम. उठणे, बोलणे हा तोटा. पहिल्याच दिवशी आम्हांला खिडकीपाशी पाहून ते म्हणाले, “तीन माणसे, एक कागद! ही कचेरी आहे की भजन?”

“भजनाला प्रसादाचे सुंडल तरी मिळते, साहेब,” अण्णा म्हणाले.

साहेबांनी घड्याळ पाहून वहीत वेळ टिपली.

माझी आई अर्धांगाने अंथरुणाला खिळली होती. घरात आम्ही दोघेच. लांबचा प्रवास तिला सोसणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. बदली झाली तर तिला कुणाच्या हाती सोपवायचे? हा प्रश्न मी रोज नीट मांडीत असे, आणि रोज उत्तराची जागा कोरी सोडीत असे.

मोजणीच्या शेवटच्या दिवशी अण्णा हळूच म्हणाले, “आज कुणी उठायचे नाही.”

पापनाशमकडच्या एका शेताचा कागद होता. कालव्याचे पाणी आधी कोणत्या भावाने घ्यायचे, नेमके तिथेच भोक होते. अण्णा न थांबता “धाकट्याने” असे वाचून पुढे गेले, दुसऱ्याने तसेच उतरवले, आणि प्रत माझ्यापुढे आली.

माझे बोट भोकावर थांबले.

“पुढे चल रे,” अण्णा पुटपुटले. “घरी आई आहे तुझी.”

“सही कर की! कशाला जीव खातोस?” दुसरा म्हणाला.

मी टाक शाईत बुडवलाही. पण त्या भोकातून खालच्या टेबलाचे लाकूड दिसत होते. मी उठलो. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. साहेबांनी मान वर केली. थोड्या वेळाने अण्णा उठले, मग दुसरा. उजेडावर कागद धरला. तिघांची वाचने जुळली नाहीत.

आमचा विभाग सर्वांत मागे ठरला, हे साहेबांनी निघण्यापूर्वीच सांगितले.

संध्याकाळी आईने रोजच्यासारखे विचारले, “आज भोक भरले का?”

“नाही. कोरे सोडले.”

“बरे केलेस,” ती म्हणाली आणि तिने चालता हात पुढे केला. मी तिला उचलून बसवले. आणि उचलताना, मद्रासच्या गाडीसाठी स्टेशनापर्यंत हे ओझे कसे न्यायचे, एवढेच जोखत राहिलो.