मोटारीचं दावं

आमचे तात्यामामा कुणाच्याही गावाला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचे, "तितं उतार हाय का?" माणसं विचारतात रस्ता कसा आहे, पाणी गोड आहे का. मामांना उतार लागायचा. शिवेवर असो, देवळामागं असो, अगदी उकिरड्याच्या कडेला का असेना, पण उतार पाहिजे. नसला तर सख्ख्या मेव्हण्याच्या घरचं बारसंसुद्धा चुकवायचे. मुलखाला वाटायचं, तात्यांचा कसला तरी नवस असावा. खरं कारण तिघांनाच ठाऊक होतं. मामांना, गफूर डायव्हरला आणि मला. त्यातही मला ठाऊक आहे हे त्या दोघांना ठाऊक नव्हतं.

थांबा, आधी मामा सांगते, मग मोटार.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. नांदूरघाटाच्या अलीकडं डोंगराच्या कुशीत त्यांचं गाव. माझे वडील गेल्यावर आई मला घेऊन त्यांच्याकडंच आली. मामा अंगानं काटकुळे, पण मिशा दोन माणसांच्या. बैलाची पारख अशी की त्यांनी पाठीवरून हात फिरवल्याशिवाय आसपासच्या बाजारात मोठी खरेदी व्हायची नाही. लांबून नुसती चाल बघून सांगायचे, "ह्यो डाव्या अंगाला झोपतोय, त्याला डावीकडंच जुपा." आणि त्यांची एक बढाई होती. जेवताना, लग्नात, कुणाच्या मयतीला गेले तरी ती निघायचीच. "आजवर मी घेतलेल्या जनावराला मागून ढकलावं लागलं न्हाई."

मोटार घ्यायचं खूळ आलं ते माझ्या आईपायी. आई लग्न होऊन सासरी निघाली ती उघड्या गाड्यातून, भर उन्हाळ्यात. पोचेपर्यंत अंगावर इतकी धूळ बसली की माझी आत्या दारातच म्हणाली, "नवरी आणलीय का मातीची बाहुली?" झालं. पुढं सासरी तिला जन्मभर 'बाहुली'च म्हणाले. आई हसून सांगायची, पण मामा तिथून उठून जायचे. मी लग्नाजोगी होऊ लागले तसं त्यांनी घोकायला घेतलं, "हिला धुळीचा कण लागू देणार न्हाई. हिला बंद मोटारीतून न्हेणार."

मुलूख निजामाचा. मोटारी असायच्या त्या बड्या साहेबलोकांकडं. बीडला अशाच एका साहेबांची हैदराबादला बदली झाली आणि ते आपली जुनी मोटार काढणार असं मामांच्या कानावर आलं. मामा निघाले. आई आणि मीही बरोबर, कारण बसायचं मला होतं. मोटार पाहिली आणि मी आईचा पदर घट्ट धरला. काळीभोर, चार दारांची, वर पक्कं टप, आत तांबड्या कातड्याच्या गाद्या, मागच्या काचांना झालरीचे पडदे. आमच्या देवघराला असले पडदे नव्हते.

मामांनी चपला काढल्या आणि मोटारीभोवती फेरी मारली. पुढं वाकून जाळीत बघितलं आणि म्हणाले, "दात पुरे हायेत." पाठीवर थाप मारली. मागं जाऊन खाली वाकले. तिथं तेलाचा डाग पडला होता. मामांनी बोट लावलं, वास घेतला आणि मान हलवली.

"साहेब, जनावर पातळ टाकतंय."

साहेबांना मराठी बेताचीच यायची. ते गफूरकडं बघायला लागले. गफूर त्यांचा डायव्हर, दाढीला मेंदी लावलेला, हसरा माणूस. तो म्हणाला, "हुजूर, तेल टपकता, बोल रए."

"असू दे, असू दे," मामा म्हणाले. "चारा बदलला की येईल जाग्यावर. आता चालवून दावा." गफूरनं आवारात मोटार चालवली, मामा बाजूनं वाकून चाकांकडं बघत पळत होते. मग भावाची वेळ आली. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांनी रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून आकडे सांगायचे. मामांनी खांद्यावरचं उपरणं काढून साहेबांच्या हातावर टाकलं, आत हात घातला आणि त्यांची बोटं दाबायला लागले. साहेब गोरेमोरे झाले. त्यांना वाटलं, पाहुणा नाडी बघतोय. "हमारी तबीयत अच्छी है," ते म्हणाले. मामांनी पुन्हा दाबली. साहेबांनीही मग शिष्टाचार म्हणून मामांची बोटं दाबली. काय दाबली देव जाणे, पण मामांचा चेहरा फुलला. बाजूला येऊन आईला म्हणाले, "आक्के, लई मोठ्या मनाचा माणूस हाय."

पुढं जे झालं त्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडं जनावर विकलं की त्याचं दावं विकणारा ठेवून घेतो. दाव्यात गोठ्याची बरकत असते. घेणाऱ्यानं आपलं नवं दावं न्यायचं. जुनं मागणं म्हणजे समोरच्याच्या दावणीची लक्ष्मी मागणं. मामांनी नवं दावं नेलंच होतं. पांढरं, सुताचं, लाल गोंड्यांचं, मधोमध पितळी घंटा. ते त्यांनी मोटारीच्या पुढच्या दांडीला बांधलं.

तोवर गफूर समोर आला. मोटारीला आत बसून चालू करायची कळ होती, पण ती साहेबांच्याच काळात मेली होती. म्हणून त्यानं एक वाकडा लोखंडी दांडा, त्याला हँडल म्हणतात, मोटारीच्या तोंडात घातला आणि जोर लावून फिरवला. मोटार शिंकली, फुरफुरली आणि चालू झाली. मामा बघतच राहिले. तोंडाला धरायचं, हिसका द्यायचा, की जनावर उठतंय! म्हणजे हे दावंच की! त्यांनी गफूरच्या हातातलं हँडल घेतलं, उपरण्यानं पुसलं आणि दोन्ही हातांनी साहेबांपुढं धरलं.

"हे तुमचं. तुमच्या दावणीला ऱ्हाऊ द्या."

साहेबांना मोटार चालवता यायची नाही, त्यांना हँडल ओळखू आलं नाही. पण पाहुणा वाकून काहीतरी देतोय हे कळलं. त्यांचे डोळे पाणावले. "वाह! क्या तहजीब है!" म्हणत त्यांनी ते छातीशी धरलं.

"मालक," गफूर कुजबुजला, "वो नक्को देओ. वो बगैर..."

"गप बस, गफूर. दावं मालकाचं असतं."

गफूर आता मोटारीबरोबर मामांचा नोकर झाला होता. नव्या मालकाला पहिल्याच दिवशी काय शिकवायचं? तो गप बसला. पण घाट चढून आम्ही गावापाशी आलो तेव्हा त्यानं मोटार दारात आणलीच नाही. मारुतीच्या देवळाजवळ, उताराच्या माथ्यावर उभी केली आणि चाकाला दगड लावला.

त्याच संध्याकाळी मी पडदे ओढून मागच्या गादीवर लोळत होते. गाद्यांना अत्तराचा वास यायचा. बाहेर मामा आणि गफूर बोलत होते. गफूरनं सगळं समजावून सांगितलं. हँडल नाही तर मोटार चालू व्हायची नाही. चार माणसांनी मागून ढकलली तर होईल, नाहीतर उतारावरून सोडली तर.

मामांनी मोटारीच्या पाठीवर एक थाप मारली. मग म्हणाले, "दिलेलं दावं परत मागायचं न्हाई."

"लोहार बना देंगा, मालक."

"तो लोहार? बनवायच्या आधी गावभर करंल. आन ढकलायची तर न्हाईच न्हाई. उतारावर ती आपल्या आपण चालते न्हवं? मग उतारावरच बांधायची."

मोटार निघायची म्हटलं की गाव जमायचं. गफूर दगड काढायचा, मोटार घरंगळायला लागायची, थोडं गेली की तो पायाखालचं काहीतरी सोडायचा, मोटार गचका खाऊन फुरफुरायची. मामा आत बसून मिशा पिळायचे. "बघा बे! हात लावायच्या आदी चालली. गुणाचं जनावर!"

मामींचं माहेर गोदाकाठचं. तव्यासारखं सपाट. तिथं जाणं बंद झालं. मामी भाकरी थापता थापता परातीला ऐकवायच्या, "सवत परवडली असती. ती तरी कुठंबी बसली असती." माझ्यासाठी स्थळं यायला लागली तर मामा मुलगा बघायच्या आधी गाव बघायचे. एक मुलगा सगळ्यांना पसंत पडला, मामा परत येऊन म्हणाले, "पोरगं चांगलं हाय, पर गावाला घडण न्हाई, समदं सपाट हाय." दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी आई चुलीपुढून उठली.

"दादा, पोरगी उताराला द्यायची हाय का माणसाला?"

स्थळ ठरलं. गाव तलवाड्याच्या पुढं, गोदेच्या अंगाला. तिथं चेंडू ठेवला तर तो आठ दिवसांनी तिथंच सापडेल. आणि सासरे बापूराव! बैलांची पारख करण्यात मामांच्या तोडीचे एकटेच. ते आधीच लोकांत म्हणत होते, "तात्यानं मोटार घेतलीय म्हनं. येऊ दे, बगू कसलं जनावर हाय."

मामांची झोप उडाली. मला मोटारीतून न्यायचा शब्द दिलेला. आणि न्यायचं तर अशा गावी, अशा माणसापुढं.

लग्न सासरच्या गावी होतं. पडदे ओढून, टपाखाली, मी निघाले. आई शेजारी बसून दर घडीला माझ्या पदरावर धूळ शोधत होती. सापडली नाही. मांडवापाशी आलो, पण गफूरनं मोटार बंद केली नाही. मामांनी तशी तंबीच दिली होती. गफूर आत बसून राहिला आणि मोटार बाहेर घुरघुरत राहिली.

बापूराव पुढं आले. "तात्या, मोटार गप कावून करीत न्हाई?"

"तापलीय ती," मामा म्हणाले. "पळून आलेलं जनावर एकदम बसवलं की अंग धरतं."

बापूरावांनी मान हलवली. हे त्यांना पटलं.

मंगलाष्टकं सुरू झाली. मोटारीपुढं भटजींचा आवाज पोचेना, म्हणून ते बेंबीच्या देठापासून ओरडत होते. अक्षता टाकायची वेळ माणसं अंदाजानं ठरवत होती. मामा एक डोळा माझ्यावर आणि एक मोटारीवर ठेवून उभे. अंतरपाट दूर झाला, वाजंत्री वाजली आणि त्याच क्षणी मोटारीनं एक उचकी दिली, एक शिंक दिली आणि ती गप्प झाली. तेल संपलं होतं. गफूरनं डबा ओतला, पण तेल घातलं म्हणून ती थोडीच उठणार होती! मामांनी डोळे मिटले. वऱ्हाडी म्हणाले, भाचीच्या लग्नानं हेलावले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला आणि यांना मामांच्या घरी मांडवपरतणीला न्यायचं होतं. आम्हा दोघांना मागच्या गादीवर बसवलं, आई पुढं बसली. मोटारीभोवती सगळं गाव. बापूराव हात मागं बांधून समोरच उभे. "हां तात्या, उठवा."

मामांनी चहूकडं नजर फिरवली. क्षितिजापर्यंत कुठं ढेकूळभर चढ नाही. बापूरावांच्या भावानं उदार मनानं सांगितलं, "न्हाईतर पोरीला आमच्या गाड्यातून धाडू. ऊन हाय, धूळ हाय, पर जाईल." पडद्याच्या फटीतून मला मामा दिसत होते. त्यांनी एकदा माझ्या आईकडं बघितलं. मग पागोटं काढून बापूरावांच्या हातात दिलं, धोतराचा काचा मारला, मोटारीच्या मागं गेले आणि खांदा लावला.

"हिला ढकलावी लागती," मामा म्हणाले. आवाज फार बारीक होता. "मी घेतलेलं जनावर, मीच ढकलनार. हिला उठवायचं दावं व्हतं. ते मी इकनाऱ्याला देऊन बसलो."

मला वाटलं, आता हसतील. बापूराव पागोटं हातात घेऊन दोन पावलं पुढं आले.

"दावं दिलं, मग?"

"मग काय? ते परत मागायचं व्हय?"

"छ्या! परत कावून मागायचं?" बापूराव जवळजवळ रागावले. "दावं मालकाचंच असतं. मीबी दिलं असतं."

"दिलंच पायजे," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. इतके दिवस मामांनी जी लाज उतारावर लपवली होती, ती तिथं कुणाला लाज वाटलीच नाही. गफूरनं कपाळाला हात लावला. सगळ्या मुलखात हा प्रकार चुकीचा वाटणारा तो एकटाच होता.

बापूरावांनी दोन्ही पागोटी भटजींकडं दिली आणि मामांच्या शेजारी खांदा लावला. मग काय, दीर, वाजंत्री, आचारी, सगळे. भटजी डोक्यावर तीन पागोटी घालून "हां, हां" करत होते. मोटार हलली, गचकली, फुरफुरली आणि सुटली. अशी सुटली की मामा मागंच राहिले! "थांबवा!" आई ओरडली. मागून मामा त्याहून मोठ्यांदा ओरडले, "थांबवू नगा! अजाबात थांबवू नगा!"

मी पडदा सारून मागं बघितलं. दोघे व्याही धुळीनं पांढरेफटक होऊन रस्त्यात उभे होते. मातीचे बाहुले. आई हसायला लागली ती घाट येईपर्यंत हसत होती.

मामा तिसऱ्या दिवशी बापूरावांच्या बैलगाडीतून आले, बापूरावांना सोबत घेऊन. वाटेत दोघांनी भेटेल तो बैल बघितला होता. त्यानंतर मोटार कुठंही उभी राहायची. मामींचं माहेर सुरू झालं. मामांनी बढाई तेवढी बदलली, "माझी मोटार ढकलायला मानसं शिवंवरून पळत येत्यात."

पुढं ती थकली. शिरूर कासारचा एकजण लोखंडासाठी घेऊन गेला. मी तेव्हा माहेरपणाला आले होते. उतारावरून ती सोडायच्या आधी मामांनी वाकून पुढचं दावं सोडलं. गोंडे विटून गेले होते. घेणारा म्हणाला, "ती घंटा ऱ्हाऊ द्या की."

"मोटार तुमची. दावं माझं."

दगड काढला. मोटार आपल्या आपण निघाली, वळणाआड गेली, तिचा आवाजही गेला. पण घंटा वाजतच होती. मामी हळूच म्हणाल्या, "हात थरथरतोय तुमचा."

मामांनी दावं मुठीत गोळा केलं. म्हणाले, "न्हाई, वारं सुटलंय."

झाडाचं पान हलत नव्हतं.