मुलांच्या सभेत नळ आले

आमच्या भागातल्या शाळेनं ‘मुलांची सभा’ ठेवली होती. मुलांनी शहराचा इतिहास शिकायचा, नि त्यातून सुचलेला एक प्रश्न आईबापांसमोर अधिकाऱ्यांना विचारायचा. आदल्या रविवारी पोरांना जुनी नहर दाखवून आणली होती. जमिनीखालून, मोटार-बिटार न लावता, नुसत्या उतारानं पाणी आणणारी. तेव्हापासून आमची पाचवीतली लेक घरातल्या नळाकडं संशयानं बघत होती.

आणि मी पाणी सोडणाऱ्या ऑफिसातला कारकून. कुठं कधी सोडायचं ते साहेब सांगतात, मी टाइप करतो. घरात माझा आवाज क्रांती चौकापर्यंत जातो. ऑफिसात साहेबांचा बूट वाजला की शेजारच्या टेबलापर्यंतही पोचत नाही.

“काय विचारणार गं?” शाळेच्या वाटेवर मी हळूच विचारलं.

“नाय सांगणार. मॅडम म्हणाल्या, सांगितलं की मोठी माणसं प्रश्न बदलतात.”

“बघा,” बायको म्हणाली, “मॅडमनी तुम्हाला न बघता ओळखलं.”

स्टेजवर आमचेच साहेब. त्यांच्या मर्जीतून उतरलेला आधीचा कारकून बदलीवर सिल्लोडला गेला, तो अजून एसटीनं ये-जा करतोय. पोरं मैदानाचं विचारत होती, कुत्र्यांचं विचारत होती. लेकीनं माईक खाली ओढला.

“नहरीला मोटार नव्हती, तरी पाणी यायचं. आता मोटारी हायेत. मग साहेबांच्या कॉलनीत नळ रोज, नि आमच्याकडं का नाय?”

टाळ्या पडल्या. साहेब गोड हसले. “बाळ, रोज येतात हे कुणी सांगितलं?”

कुणी म्हणजे मीच! जेवताना, आवाज चढवून. लेकीचं बोट माझ्याकडं वळलं.

“अरे वा, आमचेच की! उठा, तुम्हीच द्या उत्तर.”

मी उठलो. तेवढ्यात एक फोन वाजला, मग दुसरा, मग सगळेच.

“नळ आले वो!”

संध्याकाळी यायचे ते दुपारीच आले. खुर्च्या सरकल्या, पिशव्या उचलल्या, अर्धं सभागृह दारात. बायकोही पदर खोचून उठली. “अहो, टाकी कोरडी हाय. मी पळते.”

मीही दाराकडं वळलो. नळ आले म्हणून पळणाऱ्याला आमच्या शहरात कुणी अडवत नाही, साहेबसुद्धा नाही. पण लेकीनं माईक सोडला नव्हता. ती उत्तराची वाट बघत होती.

“वेळापत्रक मी टाइप करतो,” मी म्हणालो. आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटला. “कॉलनीपुढं ‘रोज’ लिहितो. आपल्यापुढं लिहीत नाही. का, ते मी कधी विचारलं नाही.”

साहेबांचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे त्यातून निघून गेले. “उद्या आल्या आल्या केबिनमध्ये या.”

घरी बायकोनं टाकी, बादल्या, कुकरसुद्धा भरून ठेवला होता. लेकीनं मला ग्लास आणून दिला.

“पप्पा, उद्या केबिनमध्ये विचारणार ना?”

“व्हय,” म्हटलं.

पाणी शर्टावर सांडलं. ग्लास लई भरला होता, असं मी बायकोला सांगितलं.