सुमनचा चोरखिसा

सुमनच्या धाकट्या भावाचा, नामदेवचा फोन दुकानात आला तेव्हा मी एका शाळकरी फ्रॉकला काजं करत होते. "एस्तरताई, आक्का गेली," एवढंच तो म्हणाला. कुठं गेली, असं मी विचारलं. सुमन सारखी कुठे ना कुठे जातच असे, आणि मला ते दर वेळी असंच हातात काम असताना कळे. मग त्याचं रडणं ऐकू आलं... मेंदूत रक्तस्राव झाला होता. तिच्या पोलीस दलाच्या छावणीतल्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. चाळिशीही गाठली नव्हती तिने. खरं सांगते, रडू मला नंतर आलं. आधी मनात आलं ते असं, की आता हिच्यासाठी सगळं राहू गाव लोटेल, बंदुकांची सलामी होईल, आणि मी गेले तर शिरूरात चार गिऱ्हाइकं आपले ब्लाऊज परत मागायला येतील. मेलेल्या मैत्रिणीचाही मला हेवा वाटला. आज सव्वा महिन्यानंतर हे लिहिताना लाज वाटते आहे, पण सुमनवर मी छापण्यासाठी लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी.

सुमन राहूची. त्यांच्या घरातला मेंढरं राखायचा धंदा आजोबांच्या काळातच सुटला होता, वडील ऊस करत. शाळेसाठी ती दौंडला मामाकडे राहायची, रुळांपलीकडच्या वस्तीत. मी अलीकडच्या रेल्वे कॉलनीतली. माझे वडील गार्ड होते आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवत. आमच्या क्वार्टरला संडास होता, वस्तीत नव्हता. वस्तीतल्या बायका पहाटे रुळांकडेच्या झुडपांत जात, आणि काही टवाळ पोरं तिथे दबा धरून बसत. सुमनने हे सांगितलं तेव्हा मी वडिलांची हातबत्ती उचलली, लाल-हिरव्या काचेची. रोज पहाटे मी ती घेऊन भरावावर उभी राहायची. हिरवी काच म्हणजे निर्धास्त, लाल काच म्हणजे कुणीतरी आलंय. लाल दिसली की सगळ्या बायका एकदम उभ्या राहून शिव्यांची सरबत्ती करत. महिनाभरात पोरं यायची बंद झाली. हे इतकं सविस्तर सांगायला माझं कारण आहे, ते पुढे येईलच.

केंद्राच्या राखीव पोलीस दलात बायकांची भरती निघाल्याचं मीच वाचलं, अर्ज मीच आणले, तिचाही मीच भरला. उंचीची मला धाकधूक होती. आदली रात्रभर आडवं पडलं की माणूस सकाळी जरासा उंच भरतो, हे वडिलांनी सांगितलेलं. म्हणून मैदानावर नाव पुकारेपर्यंत मी कडुलिंबाखाली चादर टाकून सरळ पडून राहिले, आणि मला सोबत म्हणून सुमनही पडली. तिला त्याची काही गरज नव्हती, ती ताडमाड. माझ्या डोक्यावर पट्टी टेकली आणि मोजणाऱ्या बाई म्हणाल्या, "अर्धा सेंटिमीटर कमी." मी टाचा किंचित उचलल्या, तर त्यांनी खांद्यावर हात ठेवून मला खाली दाबलं. सुमन निवडली गेली. दौंडला परतताना ती गाडीत रडत होती, माझ्यासाठी. मला ते रडणंही सहन झालं नाही.

मग माझं शिरूरला लग्न झालं. मशीन घेतलं, एसटी स्टँडजवळ दुकान थाटलं. रजेवर आली की सुमन न्हावऱ्यावरून येणाऱ्या एसटीने हमखास यायची. ती दुकानात शिरली की माझा नवरा, जो माझ्या सासऱ्यांसाठीही कधी उठला नाही, उठून खुर्ची द्यायचा. माझी मुलं तिला काश्मीर कसं आहे ते विचारायची. मी चहा टाकायची आणि स्टोव्हला जरा जास्तच पंप मारायची.

एका रजेत तिने तीन वर्द्या माझ्या टेबलावर टाकल्या. शांतिसेनेत निवड झाली होती, आफ्रिकेतल्या एका देशात. तिथली लढाई नुकती थांबलेली. तिच्यासारख्या बायकांची एक अख्खी तुकडी निघाली होती.

"बायांस्नी पाठवाय लागलेत, पन वर्दी अजून गड्याच्याच मापाची," ती हसत म्हणाली. "खांदे उतारल्यात, कंबर ढगळ, मागं घट्ट. नीट करून दे. आन् एस्तर, आतनं एक चोरखिसा ठिव. बारा-बारा तास नाक्यावर उभं ऱ्हायाचं, पाळीच्या चार दिसांत पॅड कुठं ठिवू? वरच्या खिशात ठिवलं तर समदी पलटन बघनार."

मी माप घेत होते. ती आरशात बघून सहज म्हणाली, "तुजं बरं हाय बग. घर हाय, पोरं हायती, एका जागी बसून मशीन चालवतीस. मला हेवा वाटतो तुजा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यभर हेवा करायचं काम मी केलं, आता तेही हिला हवं होतं? मी कामाला लागले. वर्दीचे खांदे उचलले, कंबर आवळली, मागे कापड सोडलं. काम इतकं चोख केलं की तिच्या दलातल्या शिंप्याने पाहत राहावं. चोरखिसा मात्र मी लावला नाही, एकाही वर्दीला नाही. गाठोडं हातात देताना तिने विचारलं, "झालं का समदं?" "झालं," मी म्हटलं.

वर्षभराने ती परतली तेव्हा राहूच्या शाळेत तिचा सत्कार झाला. मी तिसऱ्या रांगेत. तिकडच्या नाक्यावर बायकांच्या अंगाला पुरुष शिपाई हात लावू शकत नसत, म्हणून बंदुका बायकांच्याच बोचक्यांतून जायच्या, हे तिने सांगितलं. मग म्हणाली, "सायेब नकाशा पसरून इचारायचे, गोळीबार कुठं हुतो. म्या दुभाषी बाईला घेऊन बायांकडं गेले आन् इचारलं, पान्याला कवा जाता, झाडीत कवा जाता? त्या गड्यांसंगं बोलायच्या न्हाईत, माज्यासंगं बोलल्या. समदा तरास त्याच वाटंला, त्याच वक्ताला हुता. मग आमची गाडी पहाटं तितं उभी ऱ्हायाला लागली." टाळ्यांनी पत्रे दणाणले. माझे हात मांडीवरच राहिले. भरावावरची बत्ती माझी होती. हे मलाही सुचलं असतं, फक्त अर्धा सेंटिमीटर हवा होता. खिशाबद्दल तिने तेव्हाही विचारलं नाही, नंतरही कधी नाही.

गेल्या आठवड्यात नामदेव त्या तीन वर्द्यांपैकी एक घेऊन आला. घरी काचेच्या पेटीत लावायची होती, एक बटण तुटलं होतं, पायाची दुमड उसवली होती. त्याने पँट आतून उलटी करून दाखवली.

"ह्यो खिसा बगा, एस्तरताई. आक्का समद्यास्नी दावायची. म्हनायची, शिरूरच्या माज्या एस्तरनं काढलीया ही युक्ती, तिनंच शिवून दिला. तिकडं पलटनीतल्या समद्या बायांनी बगून तसाच लावून घेतला म्हनं. तुमचं लई नाव करायची."

मी खिसा पाहिला. काळा दोरा, एक टाका बोटभर, एक मुंगीएवढा, एक कोपरा चुण्या पडून गोळा झालेला, शेवटी चार-चार गाठी. सुमनला सुई धरता येत नसे, शाळेत शिवणाच्या तासाला तिचं बटण मीच लावून द्यायची. हा माझा हात नाही हे कुणीही शिंपी सांगेल. नामदेवला कळलं नाही. "ठेव, आठ दिवसांनी ये," मी म्हटलं.

वर्दी खुंटीला आहे. बटण लावलं, दुमड घातली. खिशाकडे दोनदा कात्रीचं टोक नेलं. उसवून, मशीनवर सरळ शिवला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. मग ती जे सांगत होती ते खरं झालं असतं आणि कुणालाच काही कळलं नसतं... दोन्ही वेळा कात्री खाली ठेवली. तिने माझा खोटेपणा झाकला, वर श्रेयही मला दिलं, आणि याचासुद्धा मला हेवाच वाटतो. तिच्या जागी मी असते तर सगळ्या पलटणीला सांगितलं असतं, की माझी मैत्रीण अशी अशी आहे.

नामदेव, हे छापून येईल तोवर वर्दी तुमच्या भिंतीवर गेलेली असेल. तो खिसा मी शिवलेला नाही. तिने मागितला होता, मी मुद्दाम दिला नाही. तो तुझ्या आक्काने स्वतः शिवलाय. मी आज प्रत्येक टाका नखाने ओढून पाहिला. एकही सुटत नाही.