एक ब्लेड, एक पत्रिका

जुने प्लग आणि जुने किस्से, दोन्ही टाकवत नाहीत. डबा भरला की दुसरा डबा शोधायचा! सांगलीत माझ्या दारात दर रविवारी सकाळी जुन्या गाड्यावाल्यांची मंडळी जमते. बॉनेट उघडायचं, चहा प्यायचा, एकमेकांच्या गाडीला नावं ठेवायची, एवढाच कार्यक्रम. त्यातले निम्मे किस्से बापू आणि अण्णांचे. हल्ली ते सांगताना हसू येतं आणि हातातला चहा गार होतो.

*

बापू कुंडलचे. फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर, घरचा ऊस आणि एक पेट्रोल जीप. प्लगची गॅप, म्हणजे जिथं ठिणगी उडते ती फट, ते हॅकसॉ ब्लेडचा तुकडा घालून लावायचे. तो तुकडा कायम किल्ल्यांच्या जुडग्यात. एकदा कोर्टात साक्षीला गेले, तर गेटवरच्या पोलिसानं तो बरोबर धरला.

"आजोबा, कुणाचे गज कापायला आणलाय?"

"आवं, कैदी पळवायचा न्हाई, जीप पळवायची हाय!"

पोलिसानं ब्लेड ठेवून घेतलं. साक्ष झाली तसे बापू ब्लेडासाठी धावत गेटवर आले. निकाल काय लागला, ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

*

अण्णा हळदीचे व्यापारी, फियाटवाले. आमच्यात पहिलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन त्यांनी बसवलं. ठिणगीसाठी उघडझाप करणारे जुने पॉइंट गेले, ठिणगी जोरदार झाली, म्हणजे आता गॅपही थोडी वाढवायला हवी. अण्णांच्या घरी मुलीच्या लग्नातल्या उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा पडला होता. ब्लेडला पत्रिकेची एक पट्टी जोडली, माप तयार!

"पोरगी नांदायला गेली, पत्रिका अजून कामाला हाय," अण्णा म्हणाले.

बापूंना ते मुळीच पटलं नाही. "ब्लेडावर फौज चालली, आन् तुझ्या फियाटला पत्रिका लागती व्हय रं?"

*

गाडी झकास पळायला लागली तशी अण्णांना चटक लागली. एका पट्टीच्या जागी दोन घातल्या, गॅप आणखी वाढवली. नेमकी तेव्हाच कोयनानगरची ट्रिप निघाली. पुढं बापूंची जीप, मागं फियाट, आणि फियाटमध्ये अण्णांचे नवे व्याही-विहीणबाई.

चढाला एवढी मोठी फट ठिणगीला झेपेना; भरलेली गाडी धापा टाकायला लागली आणि बंदच पडली. अण्णांकडं आणि व्याह्यांकडंही सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. डबे गाडीत, पण मुक्कामाला पोचून बसून जेवू, असं अण्णांनीच ठरवलेलं. आता होईल, मग होईल करत त्यांनी बॉनेट सोडलं नाही. शेवटी अण्णांच्या सौभाग्यवती, आमच्या वहिनी, कावल्या.

"आवं, दोन पत्रिका घातल्या म्हंजे दोन लग्नं झाली! गाडी अडणारच! एक काढा!"

सगळे हसले. पण तोवर सूर्य डोंगराआड गेला होता. बापू मागं फिरून आले, दोर बांधला, आणि व्याह्यांच्या देखत बोलून गेले, "हळद इकायची सोडून गॅप लावायला कुणी सांगितलं? व्याही उपाशी निजवलास!"

अण्णांचा चेहरा उतरला. "तू तरी फौजेत काय केलंस? सायबांच्या गाड्याच पुसल्यास न्हवं?"

दोर तेवढा तुटला नाही. बाकी सगळं तुटलं.

*

भांडण झालं आणि दोघं एकमेकांना एकदम अहोजाहो करायला लागले! रविवारी यायचे दोघंही, पण बसायचे दोन टोकांना, आणि मध्ये मी पोस्टमन.

"सुभेदारसाहेबांना सांगा, चहा गार व्हतोय."

"अण्णासाहेबांना म्हणावं, फुकून प्यायची सवय न्हाई आमाला."

पुढं बापूंच्या मुलानं जीपलाही तसलंच इग्निशन बसवून दिलं. गॅप मात्र ब्लेडाचीच! अण्णा लांबूनच इंजिनाचा आवाज ऐकायचे आणि तळमळायचे. एकदा त्यांनी खिशातून पत्रिकेची पट्टी काढून माझ्या हातात दिली. "त्यांना द्या. एकच म्हणावं. दोन न्हाई."

बापूंनी पट्टी उलटसुलट बघितली आणि खिशात घातली. "बरं हाय. दात कोराय व्हईल."

अण्णांनी ते ऐकलं. त्या दिवशी ते चहा न घेताच गेले.

*

बापूंनी अंथरूण धरलं तेव्हा मी अण्णांना म्हटलं, चला, कुंडलला जाऊन येऊ. "येत्या रविवारी," अण्णा म्हणाले. त्या रविवारी हळदीचा सौदा निघाला, पुढच्या रविवारी पाहुणे आले. खरं कारण आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आधी कुणी बोलायचं?

मग बोलायचं राहूनच गेलं.

तेराव्यानंतर बापूंच्या मुलानं बोलावलं. जीप उभी राहून राहून बंद पडली होती. अण्णा पाहुणचाराला बसलेच नाहीत. बाह्या सारून त्यांनी स्वतः चारही प्लग काढले, कापडानं पुसले, आणि बापूंच्याच किल्ल्यांतलं ते ब्लेड घेतलं.

पहिल्या प्लगात ब्लेड चपखल बसलं. "बघा, ऐकलंच न्हाई," अण्णा म्हणाले.

दुसऱ्यात ब्लेड ढिलं पडलं. अण्णा थांबले. आपल्या खिशातली पट्टी काढून त्यांनी ब्लेडला जोडली. चपखल!

तिसऱ्यात नुसतं ब्लेड. चौथ्यात ब्लेड आणि पत्रिका.

"काका, दोन एका मापाचे, दोन दुसऱ्या," मुलगा म्हणाला. "बापूंचं चुकलं व्हय? सगळे सारखे करू?"

अण्णांनी प्लग एकेक करून होते तिथंच, होते तसेच बसवले. मग जीपच्या रिकाम्या सीटकडं बघून म्हणाले,

"न्हाई रं बापू. बरोबर हाय."