जिन्यातली बसकण

सलूनवाला मोठा बोलका माणूस. खुर्चीत गिऱ्हाईक टेकलं की त्याची टकळी सुरू, म्हणून गल्लीत त्याला सगळे रेडिओ म्हणत. उरलेलं बोलणं घरी लेकीच्या वाट्याला येई. चिंगी मोठी होत चालली होती, पण तिला बोलता येत नव्हतं, आधाराशिवाय उभंही राहता येत नव्हतं. बापाच्या बडबडीवर मात्र खदाखदा हसायची. दिवसा ती तिच्यासारख्या मुलांच्या शाळेत असे. तिथल्या ताई तिच्या पायांचे व्यायाम घेत, म्हणून घराचं रहाटगाडगं चालत होतं.

मग साथ आली. शाळा बंद, सलूनही बंद. बायको इस्पितळात आया, तिला तिकडेच राहावं लागलं. घरात उरले बापलेक.

सुरुवातीला त्यानं सगळं निभावलं. भरवणं, धुणं, कूस बदलणं, ताई फोनवर दाखवतील तसे पाय ताणणं. पण शाळेची गाडी का येत नाही, हे चिंगीला कळेना. ती स्वतःचे केस उपटायची, दुपारभर किंचाळायची. गुडघे आखडत चालले. ताणायला गेलं की कडकडून चावायची. हळूहळू रेडिओची बडबड आटली. बायकोचा फोन आला की "ठीक आहे सगळं," एवढंच.

एका दुपारी चिंगीनं भरवतानाच ताटली उडवली. तो उठला, दार बाहेरून ओढून घेतलं आणि जिन्यात बसकण मारली. आत किंकाळ्या चालल्या होत्या. त्याला काहीच वाटत नव्हतं, रागसुद्धा नाही. या न वाटण्याचीच त्याला धास्ती वाटली.

वरच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी मावशी तोंडाला फडकं बांधून खाली आली.

"अरे, पोरगी रडतेय ना!"

"रडू दे, मावशी. नकोशी झालीय मला ती."

बोलून गेला आणि त्यानं भिंतीला डोकं टेकलं. मावशीनं उपदेश केला नाही.

"नीट झोपलास कधी शेवटचा?"

"आठवत नाही."

"गच्चीवर जा, पड जरा. मी बसते तिच्यापाशी. चावली तर चावली."

टाकीच्या सावलीत तो मेल्यासारखा झोपला. संध्याकाळी त्यानं बायकोला फोनवर खरं काय ते सांगितलं.

"माझंही तेच झालंय," ती म्हणाली. "तिची आठवण येते, आणि घरी यायचं म्हटलं की नको वाटतं."

मग मावशी रोज दुपारी येऊ लागली. साथ ओसरल्यावर बायको परतली आणि त्याला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. गोळ्यांनी झोप आली, भूकही लागू लागली. अंगातला शीण मात्र गेला नाही.

शाळा उघडली तेव्हा चिंगी आधारानंही उभी राहीना, तिला चाकाच्या खुर्चीतून न्यावं लागलं. ताईंनी तिचे गुडघे चाचपून पाहिले.

"घरी व्यायाम घेतले नाहीत का हो?"

"घेतले," तो म्हणाला. "झेपले तेवढे."

ताईंनी खुर्ची आत वळवली. तो सलून उघडायला निघाला.