फाटकाबाहेरचे बाबा

आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे, कुठेही आत जात नसत. मला, नवऱ्याला, नातीला, कोणालाही कुठे पोचवायचं असलं की स्कूटर काढायचे, फाटकाशी सोडायचे आणि म्हणायचे, "मी बाहेर हाओ." मग तास लागो की दिवस, माणूस तिथेच. खिशात फुटाण्यांची पुडी. हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त होऊन ते आमच्याकडे, वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेला राहायला आले, आणि वर्ध्यात कुठल्या दवाखान्यासमोर, कुठल्या शाळेसमोर दुपारची सावली कुठे पडते ते त्यांना पाठ झालं. देवळातसुद्धा ते देवापाशी कमी आणि आमच्या चपलांपाशी जास्त.

एकदा कारंज्याला एका शाळेत माझी मुलाखत होती. सकाळी गेलो, माझा नंबर लागेतो दुपार कलली. बाहेर येऊन पाहते तर बाबा समोरच्या ढाब्यावर चक्क गल्ल्यावर! मालक जेवायला घरी गेला होता, आणि सकाळपासून दिसणारा हा भला माणूस पाहून "जरा पाहजा काका" म्हणून ढाबा त्यांच्यावर सोपवून गेला होता. एक ट्रकवाला भाजी खारट म्हणून डाफरत होता आणि बाबा "हो भाऊ, बराबर हाय" म्हणत त्याला दही वाढत होते.

ती नोकरी मला मिळाली नाही. मी घर डोक्यावर घेतलं. सगळ्यांनी समजावलं, बाबांनी फक्त पुढच्या मुलाखतीची तारीख विचारली. त्या दिवशी मी उठायच्या आत स्कूटर पुसून दाराशी उभी होती. त्या माणसावर माझा फार जीव होता.

गेलेही तसेच, कोणाला त्रास न देता, दुपारच्या झोपेत. दुसऱ्या दिवशी तिरडी उचलली तशी मीही मागोमाग निघाले. आमच्याकडे बायका घाटावर जात नाहीत. चुलत सासरे आडवे आले.

"काऊन वं सूनबाई, तू कुठी चालली?"

"बाबाले सोडाले," मी तडकून म्हणाले.

"असं नसते करत. बाईमाणसानं घरीच राहा लागते."

मला त्या वेळी भांडायचं नव्हतं. पण बाबांना अर्ध्यात सोडून दारातून परत फिरणं माझ्याच्यानं होणार नव्हतं. तेवढ्यात घरातून सासूबाईंचा आवाज आला, "जाऊ द्या तिले. अन् पोरी, पाण्याची बाटली घेजो. ऊन लय हाय."

अग्नी दिल्यावर घाटावर श्रद्धांजलीची भाषणं झाली. आमच्याकडे ती होतातच. चुलत सासऱ्यांनी बाबांना समाजाचे आधारस्तंभ, थोर मार्गदर्शक वगैरे करून टाकलं. बाबांनी आयुष्यात कोणाला मार्ग दाखवला असेल तर तो पार्किंगचा. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, आणि भर श्रद्धांजलीत आम्हा दोघांना हसू आवरेना. खाली मान घालून खांदे हलवत राहिलो. लोकांना वाटलं, रडताहेत. तेही काही खोटं नव्हतं.

मग मौन झालं आणि माणसं चपला शोधत पांगली. नवऱ्याला सगळ्यांसोबत घरी परतणं भाग होतं.

"चाल ना," तो म्हणाला.

"तू हो समोर," मी म्हणाले. "मी येतो मागून."

आत चिता अजून धडधडत होती आणि माझा पाय निघत नव्हता. फाटकाबाहेर कडुनिंबाखाली एक बाक होता. दुपारची सावली बरोबर त्याच्यावर होती. बाबांनी स्कूटर इथेच लावली असती. मी जाऊन बसले.

बऱ्याच वेळाने सासूबाईंचा फोन आला. "सारे आले, तू काऊन नाई आली? कुठी हायेस?"

"घाटावरच, आई. मी बाहेर हाओ."

पलीकडे त्यांनी नाक ओढलं आणि विचारलं, "फुटाणे हायेत का जवळ?"